झाड म्हातारं, गाभा कोवळा

सिमेंटच्या कागदी पिशवीचा तुकडा हाताने फाडून कड उजेडात धरा. बारीक केसांसारखे तंतू बाहेर डोकावताना दिसतील. वहीचं पान फाडलं तर ते फारसे दिसत नाहीत. पिशवीचा मजबूत कागद सहसा पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचा, त्याचे तंतू साधारण ३ मिलिमीटर लांब. आपल्याकडच्या वहीच्या कागदात बरेचदा नीलगिरी किंवा सुबाभूळ असते, आणि तिचे तंतू जेमतेम १ मिलिमीटर. पण झाडाची जात एकच असली तरी तंतू सारखे निघत नाहीत, कारण लाकडाचं वय.

खोड सालीच्या लगेच आत जाड होत जातं, जुन्या लाकडावर नवं लाकूड बाहेरून चढतं. पाइनची गाभ्याजवळची पहिली दहा-पंधरा वलयं (वर्षाला एक) कोवळ्या लाकडाची: आखूड तंतू, पातळ भिंती, तंतूंना चिकटवून ठेवणारं लिग्निन जास्त. पुढच्या वलयांत तंतू लांब आणि जाड भिंतींचे होतात. एकदा तयार झालेला तंतू मात्र नंतर वाढत नाही. त्यामुळे ६० वर्षांच्या पाइनचा गाभा कोवळाच राहतो, आणि शेंडाही, कारण तिथे मोजकीच वलयं असतात. गंमत म्हणजे सॉ मिलमध्ये चौकोनी तुळई काढताना बाजूला पडणाऱ्या सालीकडच्या फळ्या, म्हणजे त्यांच्या लेखी टाकाऊ माल, पिशवीच्या कागदाला सर्वांत उत्तम.

कोवळं लाकूड वाईट, असं मात्र नाही. पातळ भिंतींचे तंतू चपटे होऊन एकमेकांना घट्ट चिकटतात, कागद गुळगुळीत होतो. फक्त तो लवकर फाटतो आणि तेवढ्याच लाकडातून लगदा कमी निघतो. उलट नीलगिरी फार वर्षं ठेवली, तर मधल्या गडद लाकडात टॅनिनसारखी द्रव्यं साठतात. ती लाकूड शिजवून लगदा करायला वापरलेला कॉस्टिक सोडा खातात, लगदा काळपट करतात. म्हणून आपल्याकडे नीलगिरी बहुधा चार ते सात वर्षांत तोडतात. शेतकऱ्यालाही पैसा लवकर हवा असतो, हे आहेच.

बल्लारपूरच्या कागद गिरणीने वर्षानुवर्षं वापरलेल्या बांबूचा हिशेब वेगळा. तो गवताच्या कुळातला, त्याला वलयं नाहीत. एका पावसाळ्यात तो पूर्ण उंची गाठतो, आणि मग दोन-तीन वर्षं नुसत्या तंतूंच्या भिंती जाड होत राहतात. उंचीवरून वय कळत नाही. पेरांना कोष चिकटलेले आणि कांडीवर पांढरट भुकटी असली की बांबू कोवळा. तो तोडला तर लगदा हलक्या प्रतीचा मिळतोच, शिवाय बेटातल्या पुढच्या कोंबांना अन्न पुरवणाराही तोच असतो.