ससे : वसाहत पद्धतीतील प्रजनन

सशांच्या अनेक माद्या आणि एक किंवा मोजके नर एकाच आवारात ठेवून मीलन, वीण व पिलांचे संगोपन त्या समूहातच होऊ देण्याची पद्धत. पाळीव सशाच्या (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) बिळे खणून कळपाने राहण्याच्या मूळ सवयीवर ती आधारलेली आहे. ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात आढळणारा काळमान्या ससा (लेपस निग्रिकोलिस) निराळ्या वंशाचा असून तो बहुधा एकटा राहतो, बिळे खणत नाही आणि त्याची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे. मराठीत दोहोंना एकच शब्द असल्याने हा भेद आरंभीच ध्यानात घ्यावा लागतो.

समूहात ससे पाळण्याची प्रथा पिंजऱ्यांहून जुनी दिसते. इ. स. पू. पहिल्या शतकात व्हॅरो या रोमन लेखकाने भिंतींनी बंदिस्त केलेल्या ससे-आवारांचे वर्णन केले आहे. मध्ययुगीन यूरोपातील राखीव बिळवसाहती हा त्याच परंपरेचा पुढचा टप्पा मानता येईल. मात्र ससा ‘माणसाळला’ केव्हा, याविषयी एकमत नाही. सु. इ. स. ६०० मध्ये पोप ग्रेगरी यांनी सशाची नवजात पिले उपवासाला चालतात असा निर्णय दिला आणि त्यामुळे फ्रान्समधील मठांत ससेपालन सुरू झाले, ही कथा अनेक ग्रंथांनी एकमेकांवरून उतरवून घेतली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिकित्सेत असा आदेश मिळत नसल्याचे आणि तूरचा ग्रेगरी (सहाव्या शतकातील फ्रान्समधील तूर शहराचा बिशप) या दुसऱ्याच व्यक्तीच्या लेखनाशी गल्लत झाल्याचे दाखवण्यात आले. पाळीव ससे फ्रान्समधील रानटी सशांना सर्वांत जवळचे आहेत, हे जनुकीय अभ्यासांतून दिसते. तरीही माणसाळण्याला एकच वर्ष चिकटवण्यापेक्षा ती दीर्घकाळ चाललेली प्रक्रिया समजणे अधिक सयुक्तिक वाटते.

सशाच्या मादीला गायी-म्हशींसारखे नियमित माजचक्र नसते. मीलनाच्या उद्दीपनाने सु. १० ते १२ तासांनी अंडमोचन होते, म्हणजे अंडाशयातून अंडी सुटतात. गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो. व्याल्यानंतर एका दिवसाच्या आत मादी पुन्हा नर घेऊ शकते, त्यामुळे नर सतत सोबत असलेल्या वसाहतीत प्रजननाला उत्तेजन देण्यापेक्षा आवर घालण्याचीच गरज अनेकदा पडते. तरीही माद्या गाभण राहत नसतील, तर फाजील चरबी, उन्हाळा, अपुरा प्रकाश व समूहातील चढाओढ ही कारणे प्रथम तपासावीत. माद्यांमध्ये उतरंड असते. वरचढ मादी विणीची उत्तम जागा बळकावते आणि दुय्यम मादीची पिले मारली जाण्याचाही धोका असतो. माद्या एकमेकींवर चढल्याने खोटा गाभ (गर्भ नसताना गाभणपणाची स्थिती) राहतो व सु. १६ ते १८ दिवस वाया जातात. यासाठी माद्यांच्या संख्येहून अधिक विणपेट्या, एकमेकींच्या नजरेआड होता येईल असे आडोसे आणि शक्यतो एकत्र वाढलेल्या माद्या हे उपाय योजतात. नवी मादी जुन्या समूहात एकटी सोडू नये.

प्रकाशाचा प्रश्न ठाणे व नवी मुंबईच्या अक्षांशावर विशेष जाणवतो. उत्तम प्रजननासाठी दिवसाला १४ ते १६ तास प्रकाश सुचवला जातो. येथे मात्र दिनमान सु. ११ ते सव्वातेरा तासांच्या दरम्यानच राहते. त्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळी दिवा लावून ते वाढवावे लागते. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास नराच्या वीर्याची प्रत घसरते, आणि शुक्राणू तयार होण्यास सु. सात आठवडे लागत असल्याने एप्रिल-मेच्या उष्म्याचा परिणाम पाऊस सुरू झाल्यावरही टिकतो. जूनमधल्या वांझ मीलनांचा दोष मग उगाच पावसाच्या माथी येतो. पावसाचा खरा उपद्रव निराळा आहे. भराव घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीत पाण्याची पातळी वर असते, डोंगराकडे खडक लवकर लागतो. त्यामुळे मातीतील खरी बिळे येथे टिकत नाहीत आणि उंच ओट्यावर विटांचे कप्पे किंवा लाकडी पेट्या कराव्या लागतात. ओल्या अंथरुणात कॉक्सिडिया हे लेंड्यांतून पसरणारे सूक्ष्म परजीवी झपाट्याने संसर्गक्षम होतात. जमिनीवरील वसाहतीत लेंड्यांशी सर्वांचाच संबंध येत असल्याने ही पिंजऱ्यांच्या तुलनेत मोठी उणीव ठरते. मुरबाड-शहापूरकडचा भाताचा पेंढा अंथरायला चांगला, परंतु तो कोरडा व बुरशीमुक्त असावा. घुशी, मांजरे व साप यांच्यापासून रक्षणासाठी बारीक जाळी जमिनीतही पुरतात.

पूर्ण वसाहतीत मीलनाची तारीख कळत नाही. म्हणून काही यूरोपीय संशोधकांनी अर्धवसाहतीचा पुरस्कार केला आहे : मादी विण्यापूर्वी वेगळी काढतात व पिले काही दिवसांची झाल्यावर समूहात परत सोडतात. मादी पिलांना बहुधा दिवसातून एकदाच, तेही काही मिनिटेच पाजत असल्याने ती पेटीपासून दूर दिसली तरी पिले टाकून दिली असा अर्थ होत नाही. नर वेगळा ठेवून तारीख ठरवून सोडल्यास दोन वेतांत मादीला विश्रांती मिळते. कोकणपट्टीच्या दमट हवेत हीच पद्धत अधिक पेलणारी दिसते.