लहान आतड्याचा नमुना आमच्याकडे आणताना

"तुकडा परवाच दिला, रिपोर्ट अजून का नाही?" असे फोन आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा जिथे तपासतात तिथे, सतत येतात. तुमची घालमेल आम्हाला कळते. पण लहान आतड्याच्या नमुन्यात उशिराचे कारण पुष्कळदा बरणीतच असते.

आतड्याचे अस्तर नाजूक. रक्तपुरवठा तुटला की पेशींतलीच विकरे (एन्झाइम) पेशींना पचवू लागतात. फॉर्मॅलिन, म्हणजे नमुना टिकवणारे द्रव, हे थांबवते, पण ते तासाला जेमतेम १ मिलिमीटर आत शिरते. आणि नेमके हेच फॉर्मॅलिन नातेवाईक वाटेत सांडेल या भीतीने अर्धे ओतून टाकतात! कुणी सलाइनमध्ये आणतात, कुणी बर्फात गोठवून. गोठलेल्या पेशींत बर्फाचे स्फटिक होतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली गाठ ओळखणे अवघड होते. काढलेले आतडे दुसऱ्यांदा मिळत नाही.

म्हणून तुकड्याच्या आकारमानाच्या किमान १० पट, १० टक्क्यांचे न्यूट्रल बफर्ड (आम्लता वाढू न देणारे) फॉर्मॅलिन हवे. बरणी रुंद तोंडाची घ्या. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा कडक होतो आणि अरुंद तोंडातून काढताना फाटतो. लिंफोमाची (लसिका पेशींच्या कर्करोगाची) शंका असेल तर मात्र ऑपरेशनआधीच डॉक्टरांना आमच्याशी बोलायला सांगा, त्यासाठी थोडा ताजा तुकडाही लागू शकतो.

नमुना नीट आला तरी घाई आम्ही करत नाही. मोठा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर तरी मुरू देतो. लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब, तरी तिथला कर्करोग विरळा, आणि त्याचे प्रकार अनेक: ॲडेनोकार्सिनोमा (अस्तराच्या ग्रंथीपेशींचा कर्करोग) बहुधा ड्युओडेनममध्ये (आतड्याच्या सुरुवातीच्या भागात), न्यूरोएंडोक्राइन गाठ (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) बहुधा इलियममध्ये (शेवटच्या भागात), शिवाय जिस्ट (आतड्याच्या भिंतीतली गाठ), लिंफोमा, कधी दुसरीकडून पसरलेला मेलानोमा (रंगपेशींचा कर्करोग). उपचार प्रत्येकाचे वेगळे. न्यूरोएंडोक्राइन गाठीत केआय-६७ हा आकडा (किती टक्के पेशी वाढत आहेत ते) ३ टक्क्यांखाली आहे, मधे आहे की २० च्या वर, यावर ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक ते, ठरते. त्यासाठी आयएचसी ही पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणारी जादा तपासणी लागते, तिचे दिवस आणि पैसे वेगळे. कर्करोग पसरला का हे पाहायला आतड्याभोवतीच्या चरबीतल्या लसिका ग्रंथीही (लिंफ नोड) एकेक शोधाव्या लागतात. ॲडेनोकार्सिनोमात किमान ८ तपासलेल्या असाव्यात. त्या सापडेपर्यंत आम्ही ती चरबी पुन्हा पुन्हा चाचपतो.

ऑपरेशनची तारीख ठरली की आदल्या दिवशी आमच्याकडून योग्य मापाची, फॉर्मॅलिन भरलेली बरणी घेऊन जा. तिचे वेगळे पैसे नाहीत. बरणीवर, झाकणावर नव्हे, रुग्णाचे नाव आणि काढल्याची वेळ लिहून घ्या, आणि एंडोस्कोपी व सीटी स्कॅनच्या रिपोर्टची प्रत सोबत आणा.