डावावर लावलेलं कार्ड: ट्रेडिंग कार्ड खेळांच्या विसरलेल्या नियमांची पार्श्वभूमी

पुण्यात शाळांबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानांत हल्ली सोनेरी, चकचकीत पोकेमॉन कार्डांची पाकिटं लटकलेली दिसतात. त्याच सुमारास अमेरिकेत एखादं कार्ड कोट्यवधींना विकलं गेल्याची बातमी मोबाइलवर येते आणि आईवडील विचारतात, ‘आमच्या मुलाच्या डब्यात असं काही निघेल का हो?’ बहुतेक वेळा निघत नाही. ते का निघत नाही आणि दुर्मिळ कार्डाची किंमत येते कुठून, हे समजून घ्यायचं तर लिलावाचे आकडे पुरत नाहीत. जुन्या नियमपुस्तिका उघडाव्या लागतात. या खेळांतली कितीतरी महागडी आणि नवलाची कार्डं म्हणजे बदललेल्या, रद्द झालेल्या किंवा फसलेल्या नियमांच्या मागे राहिलेल्या खुणा आहेत.

सुरुवात १९९१ ची. रिचर्ड गारफिल्ड तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणितात पीएच.डी. करत होता. आपण तयार केलेला एक बोर्ड गेम घेऊन तो ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या छोट्या कंपनीच्या पीटर अ‍ॅडकिसनकडे गेला. पट, सोंगट्या आणि बाकी सुटं सामान छापून घेण्याइतका पैसा कंपनीकडे नव्हता. अ‍ॅडकिसनने उलट मागणी केली: खेळप्रेमींच्या संमेलनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात संपेल, सहज सोबत नेता येईल आणि छापायला स्वस्त पडेल असं काहीतरी कर. त्यातून ऑगस्ट १९९३ मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ बाजारात आला. पत्त्यांचा एकच कॅट सगळ्यांनी वापरायचा, ही जुनी चाल त्याने मोडली. प्रत्येकाचा कॅट वेगळा, आणि तो पाकिटं विकत घेऊन, मित्रांशी अदलाबदल करून स्वतः जमवायचा.

पहिल्या छपाईला ‘अल्फा’ म्हणतात. त्यात सुमारे २६ लाख कार्डं छापली गेली, आणि प्रत्येक दुर्मिळ कार्डाच्या वाट्याला जेमतेम ११०० प्रती आल्या. गारफिल्डचा अंदाज साधा होता. माणूस एक कॅट आणि दोन-चार पाकिटं घेईल, मित्रांच्या एका टोळक्यात एखादं जबरदस्त कार्ड एकाकडेच असेल, आणि ते समोर येईपर्यंत बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसेल. म्हणूनच पहिल्या नियमांत एकच कार्ड कितीही वेळा वापरायला मोकळीक होती. अट एवढीच, की कॅटात किमान ४० कार्डं हवीत. ‘प्लेग रॅट्स’ नावाचं उंदरांचं कार्ड तर याच मोकळिकीवर बेतलेलं होतं. पटावर जितके उंदीर, तितकी प्रत्येक उंदराची ताकद. हे कार्ड डझनाने जमवणं म्हणजे डावपेच समजला जाई.

लोकांनी मात्र दोन-चार पाकिटांवर न थांबता खोकीच्या खोकी उचलली. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्या कॅटात एकाच भारी कार्डाच्या वीस प्रती. मग १९९४ मध्ये स्पर्धांसाठी एका कार्डाच्या जास्तीत जास्त चार प्रती, अशी मर्यादा आली आणि काही अतिबलवान कार्डं एकावर आणली गेली. आज नवखा खेळाडू ‘चारची मर्यादा’ हा खेळाचा मूळ स्वभाव समजतो. खरं तर ती नंतर मारलेली दुरुस्ती आहे.

अल्फाची आणखी एक गंमत नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्या छपाईच्या कार्डांचे कोपरे पुढच्या ‘बीटा’ छपाईपेक्षा जास्त गोल कापलेले आहेत. कॅटात दोन्ही मिसळली, तर पिसताना नुसत्या बोटांना कळतं की वरचं कार्ड अल्फाचं आहे. त्यामुळे अपारदर्शक कव्हरं नसतील, तर अल्फाची कार्डं फक्त संपूर्ण अल्फाच्या कॅटातच चालतील, असा नियम स्पर्धांना करावा लागला. आज संग्राहक कार्ड हातात घेतल्यावर आधी कोपरा बघतो.

सगळ्यांत विस्मरणात गेलेला नियम मात्र ‘अँटे’चा. डाव सुरू होण्याआधी दोघांनीही आपापल्या पिसलेल्या कॅटातलं एकेक कार्ड बाजूला काढून डावावर लावायचं. जिंकेल त्याची दोन्ही कार्डं, आणि तीही कायमची. आपल्याकडे वाड्यावाड्यांतली पोरं गोट्या खेळायची, तेव्हा जिंकलेली गोटी खिशात जायची, तसंच हे. गारफिल्डच्या मनातही गोट्यांचाच खेळ होता. कार्डं हातोहात फिरावीत, कुणाचाही कॅट वर्षानुवर्षं तसाच राहू नये, हा त्यामागचा विचार मला आजही देखणा वाटतो.

या नियमावर चालणारी एकूण नऊ कार्डं निघाली. त्यांतलं ‘कॉन्ट्रॅक्ट फ्रॉम बिलो’ जवळून पाहण्यासारखं आहे. हे कार्ड खेळायला काळ्या मानाचा, म्हणजे जादूसाठी लागणाऱ्या शक्तीचा, फक्त एक अंश लागतो. हातातली सगळी कार्डं टाकून द्यायची, कॅटातलं वरचं आणखी एक कार्ड डावावर लावायचं आणि सात नवी कार्डं उचलायची. एका मानात सात कार्डं! इतकं ताकदवान दुसरं कार्ड शोधून सापडणार नाही, पण त्याची किंमत हरणाऱ्याने आपल्या खऱ्याखुऱ्या संग्रहातून चुकवायची. या कार्डांवर सूचनाही छापलेली असे: डावावर कार्ड लावून खेळत नसाल, तर हे कार्ड आधीच कॅटातून काढून ठेवा.

हा नियम टिकणं शक्यच नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलाने महागडं कार्ड हरून रडत घरी यावं, हे कुठल्या पालकांना चालेल? शिवाय जिंकणाऱ्याला मोल असलेली वस्तू मिळते म्हटल्यावर जुगाराच्या कायद्यांचा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे पैसे लावून पत्ते कुटणाऱ्यांवर १८८७ च्या ज्या कायद्याखाली पोलीस कारवाई करतात, त्याच जातीचे कायदे अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आहेत. स्पर्धांमधून अँटे हद्दपार झालं, आणि १९९५ च्या ‘होमलँड्स’ संचानंतर अशी कार्डं निघणंच थांबलं. पण म्हणून ती सोन्याच्या भावाने विकली जातात असं नाही. १९९४ च्या ‘रिव्हाइज्ड’ संचातलं ‘कॉन्ट्रॅक्ट फ्रॉम बिलो’ तुलनेने स्वस्तात मिळतं. छपाई भरपूर झाली आणि अधिकृत स्पर्धेत ते खेळता येत नाही, मग मागणी येणार कुठून?

अँटेसारखीच आणखी दोन कार्डं नियमांच्या कचाट्यात सापडली. ‘केऑस ऑर्ब’ हे कार्ड किमान एक फूट उंचीवरून पटावर टाकायचं. पडताना त्याने पूर्ण कोलांटी घ्यायला हवी, आणि ते ज्या कार्डांना स्पर्श करेल ती नष्ट. यावर उतारा म्हणून खेळाडू आपली कार्डं टेबलभर लांब लांब मांडू लागले. कुणीतरी हे कार्ड फाडून त्याचे कपटे समोरच्याच्या कार्डांवर उधळले, अशी एक दंतकथा खेळाडूंमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती खरी असो वा नसो, कंपनीने १९९८ च्या विनोदी संचात ‘केऑस कन्फेटी’ हे फाडून उधळायचंच कार्ड काढलं. दुसरं कार्ड ‘शहराजाद’. ते खेळलं की चालू डाव थांबवून त्याच्या आत दुसरा डाव मांडायचा, आणि त्यात हरणाऱ्याचे मूळ डावातले निम्मे प्राण जायचे. गोष्टीत गोष्ट सांगणारं हे कार्ड कल्पना म्हणून अप्रतिम आहे. वेळेच्या बंधनात खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेला मात्र ते परवडत नाही, म्हणून तिथे त्यावर बंदी आहे.

कार्डाबाहेरच्या परिस्थितीवर नियम ठरणं आपल्याला परकं नाही. सावंतवाडीला हातांनी रंगवतात त्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांची १२० पानं असतात, आणि उतारी दिवसा रामाची, रात्री कृष्णाची. सूर्य मावळला की डावाचा पहिला मान बदलतो.

आता किमतीकडे. अल्फातलं ‘ब्लॅक लोटस’ हे क्रिस्टोफर रश या चित्रकाराचं चित्र असलेलं कार्ड काहीही खर्च न करता मानाचे तीन अंश देतं. तसं ‘कॉन्ट्रॅक्ट’ही अफाट ताकदवान. मग एक स्वस्त राहतं आणि दुसरं २०२४ मध्ये ३० लाख डॉलरना, म्हणजे सुमारे २५ कोटी रुपयांना, का विकलं जातं? विकलं गेलेलं कार्ड जवळजवळ निर्दोष अवस्थेतलं होतं, हे एक कारण. मोठं कारण एका वचनात आहे. १९९५ मध्ये कंपनीने ‘क्रॉनिकल्स’ हा संच काढून जुनी दुर्मिळ कार्डं पुन्हा मोठ्या संख्येने छापली. ज्यांनी ती महागात घेतली होती, त्या संग्राहकांचे आणि दुकानदारांचे भाव एकदम कोसळले, आणि मोठा आरडाओरडा झाला. मार्च १९९६ मध्ये कंपनीने ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’ जाहीर केली: या यादीतली कार्डं आम्ही खेळात चालतील अशा रूपात पुन्हा छापणार नाही. यादीत आज पाचशे सत्तरच्या वर कार्डं आहेत. पळवाटा निघाल्या, त्याही २०१० मध्ये बंद करण्यात आल्या.

हे वचन पाळलं जातंय, याबद्दल संग्राहक खूश आहेत. मी खेळणाऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि मला ते चुकीचं वाटतं. पुण्यात हॉस्टेलच्या खोलीत किंवा कोथरूडच्या एखाद्या कॅफेत खेळणाऱ्या मुलाला खेळाच्या पहिल्या वर्षातली कार्डं हाताळताच येऊ नयेत, हे खेळाचं नुकसान आहे. २०२२ मध्ये तिसाव्या वाढदिवसाचा म्हणून ब्लॅक लोटससह जुनी कार्डं असलेला संच निघाला. चार पाकिटांना ९९९ डॉलर, आणि मागची बाजू वेगळी छापलेली असल्याने स्पर्धेत वापरायला बंदी.

छपाईतल्या चुकांनी घडवलेली दुर्मिळता निराळी. १९९४ च्या उन्हाळ्यात रिव्हाइज्ड संच दुरुस्त करून पुन्हा छापायला घेतला, तर त्यात नव्या चुका निघाल्या. ‘हरिकेन’ हे हिरव्या रंगाचं कार्ड निळ्या चौकटीत छापलं गेलं. माल नष्ट करायचा आदेश निघाला, पण थोडी खोकी निसटली. हे ‘निळं वादळ’ आज मॅजिकच्या सर्वांत हव्याहव्याशा चुकांपैकी एक आहे. पुण्यात नाणी आणि तिकिटं जमवणारे पुष्कळ आहेत, त्यांना याचं नवल वाटू नये. १८५४ च्या चार आण्याच्या तिकिटावर राणी व्हिक्टोरियाचं डोकं उलटं छापलं गेलं, आणि तीच चूक भारतीय तिकिटांतलं रत्न ठरली.

पोकेमॉनची वाट वेगळी. हा खेळ जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ ला आला, इंग्रजीत जानेवारी १९९९ ला. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध कार्ड ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ तर खेळण्यासाठी नव्हतंच. १९९७-९८ मध्ये ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकाने चित्रस्पर्धा घेतल्या आणि विजेत्यांना ते बक्षीस दिलं. ३९ प्रती वाटल्याची नोंद आहे. कार्डाच्या माथ्यावर नेहमीच्या ‘ट्रेनर’ या शब्दाऐवजी ‘इलस्ट्रेटर’ आहे, आणि खाली नियमाच्या जागी प्रशस्तिपत्राचा मजकूर. २०२१ मध्ये ते ५२ लाख ७५ हजार डॉलरच्या व्यवहारात एका अमेरिकन यूट्यूबरने घेतलं. ‘कदाब्रा’चं प्रकरण कोर्टातलं. हातात चमचा धरलेल्या या पात्रावर, चमचे वाकवून दाखवणाऱ्या उरी गेलरने २००० मध्ये दावा लावला. २००३ नंतर कदाब्राचं नवं कार्ड निघालं नाही. २०२० मध्ये गेलरने जाहीरपणे माघार घेतली आणि २०२३ मध्ये कदाब्रा परतला. ‘कोगाज निंजा ट्रिक’ या कार्डाच्या जपानी आवृत्तीत बौद्ध परंपरेतलं स्वस्तिकासारखं चिन्ह होतं. पाश्चात्त्य देशांत त्याचा नाझी अर्थ लागेल म्हणून इंग्रजी आवृत्तीत चित्र बदललं.

आपल्याकडे हा खेळ नियमांसकट आलाच नाही. पुण्यातल्या पोरांनी आधी क्रिकेटची आणि डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं खेळली. २००३ च्या सुमारास पोकेमॉन टीव्हीवर आला, चिप्सच्या पाकिटांतून टॅझो, म्हणजे चित्रांच्या गोल चकत्या, निघू लागले. त्यामुळे इथे जमवणं आधी रुजलं. खेळणं उशिरा, तेही इंग्रजी नियम वाचून.

म्हणूनच इथे खऱ्या-खोट्याची पारख दुबळी राहिली. बाजारातली सोनेरी प्लॅस्टिकची कार्डं नकली आहेत, त्यांत शोधण्यासारखं काही नाही. मॅजिकचं कार्ड असेल तर सोनार वापरतात तसं भिंग घ्या आणि कार्डाची मागची बाजू पाहा. तिथल्या पाच रंगीत ठिपक्यांपैकी हिरव्या ठिपक्यात खऱ्या कार्डावर चार बारीक लाल टिंबं इंग्रजी ‘एल’च्या आकारात दिसतात. नकली छपाईत ती पुसट होतात किंवा विस्कटतात.

अमेरिकेहून परतलेल्या हिंजवडी-बाणेरकडच्या कुटुंबांत मात्र १९९९ ची इंग्रजी पोकेमॉन कार्डं असलेली एखादी फाइल खरोखर निघू शकते. त्यात चित्राच्या डाव्या बाजूला, जरा खाली, ‘एडिशन १’ असा छोटा काळा शिक्का आहे का ते पाहा. मग चित्राच्या चौकटीची उजवी कड पाहा. इंग्रजीतल्या पहिल्या, ‘बेस’ संचाच्या पहिल्या छपाईत तिथे सावली नाही. शिक्का नसेल आणि सावली असेल, तर ते नंतर मोठ्या संख्येने छापलेलं कार्ड आहे. तिजोरीत ठेवण्याची गरज नाही, पिसून खेळायला घ्यावं.