उन्हाळ्यातील सायकलस्वारी आणि अंगावरचे कापड

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, नाशिकमध्ये सरळ उभ्या खांबाची सावली जवळजवळ नाहीशी होते. शहर २० अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे कर्कवृत्ताकडे सरकणारा सूर्य त्या दिवसांत बरोबर डोक्यावर येतो. जुलैच्या उत्तरार्धात परतीच्या वाटेवर तो पुन्हा एकदा डोक्यावर येतो, पण तेव्हा बहुधा पावसाळी ढग आड असतात. त्यामुळे येथील सायकलस्वाराच्या दृष्टीने खरे कसोटीचे ऊन एप्रिल-मेमधलेच. उन्हातील त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकात ११ आणि त्यापुढचा आकडा सर्वांत वरच्या, अतितीव्र गटात मोडतो, आणि या अक्षांशावर मेमधील निरभ्र दुपारी निर्देशांक सहज त्या गटात पोहोचतो. शहराची समुद्रसपाटीपासूनची सुमारे ६०० मीटर उंचीही त्यात थोडी भर घालते, कारण दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. आपण उन्हाचा अंदाज उकाड्यावरून बांधतो, पण अतिनील किरण त्वचेला जाणवत नाहीत. हवेचे तापमान दुपारी तीनच्या आसपास सर्वाधिक असते, तर अतिनील किरणांचा जोर साडेबाराला शिगेला पोहोचलेला असतो. सकाळी गार वाऱ्यात त्र्यंबकेश्वरच्या किंवा गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागलेल्या स्वाराला दहा वाजताचे ऊन सुसह्य वाटते, शिवाय चालत्या सायकलवर समोरून येणारा वारा घाम सुकवत राहतो आणि त्वचा भाजत असल्याची जाणीव होऊ देत नाही. सावलीवरून अंदाज बांधणे अधिक भरवशाचे आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, म्हणजे सूर्य ४५ अंशांच्या वर चढला आणि अंग झाकण्याची वेळ झाली. मेच्या मध्याला नाशिकमध्ये ही वेळ सकाळी साधारण सव्वानऊला येते आणि दुपारी पावणेचारपर्यंत टिकते. म्हणजे सहाला निघून दहाच्या पुढे घरी पोहोचणाऱ्याच्या फेरीचा शेवटचा, सर्वांत दमलेला भाग नेमका याच वेळात येतो.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य नैसर्गिक संरक्षण देते हे खरे, आणि गोऱ्या वर्णाच्या लोकांपेक्षा आपल्याकडे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच कमी आहे हेही खरे. पण हे संरक्षण अपुरे आहे. वांग, काळे डाग, अकाली सुरकुत्या आणि बाहीच्या रेषेवर दोन रंगांत विभागलेला दंड ही सगळी त्याच अपुरेपणाची चिन्हे होत. सायकलस्वाराची बसण्याची पद्धत यात भर घालते. हँडलवर वाकलेल्या स्वाराची पाठ, खांदे, मानेची मागची बाजू आणि हातांची वरची बाजू आकाशाकडे आडवी पसरलेली असते. उभ्याने चालणाऱ्या माणसाच्या पाठीवर दुपारचे ऊन तिरपे घसरते, तर सायकलस्वाराच्या पाठीवर ते थेट पडते.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचवतात, उरलेली सगळी उष्णता होऊन शरीरात साचू पाहते. सपाट रस्त्यावर १०० वॅट शक्ती लावणारा स्वार त्याच वेळी ३०० ते ४०० वॅट उष्णता निर्माण करत असतो. माथ्यावरचे निरभ्र ऊन दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा आणून टाकते. वाकलेल्या स्वाराचा पाव चौरस मीटर भाग जरी थेट उन्हात असला, तरी सुमारे २५० वॅट त्याच्या अंगावर पडतात, आणि त्यांतले किती शरीरात शिरणार हे अंगावरच्या कापडावर अवलंबून असते. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा, अधिक तापली की वारासुद्धा अंगातली उष्णता नेण्याऐवजी अंगाला उष्णता देऊ लागतो. मग घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक ग्रॅम घाम वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातो, म्हणून ३५० वॅट उष्णता बाहेर टाकायची तर तासाला सुमारे अर्धा लिटर घामाची वाफ व्हायला हवी. वाफ होण्याआधीच जो घाम कोपरावरून ठिबकून रस्त्यावर पडला, तो गारव्याच्या दृष्टीने वाया गेला.

नाशिकची हवा येथे मदतीला येते. एप्रिल-मेच्या दुपारी ती कोरडी असते, आणि मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत अंगावर चिकटून राहणारा घाम येथे झपाट्याने उडून जातो. म्हणूनच किनारपट्टीवर ‘कमी कपडे घाला’ हा सल्ला जितका पटतो, तितका तो येथे लागू पडत नाही. माझे स्पष्ट मत असे की नाशिकच्या उन्हाळ्यात, सकाळी नऊनंतर रस्त्यावर राहायचे असेल, तर योग्य कापडाच्या पूर्ण बाह्या या आखूड बाह्यांपेक्षा केव्हाही चांगल्या. मात्र ‘योग्य कापड’ या अटीवरच सारे अवलंबून आहे, कारण कापडाकडून आपण दोन परस्परविरोधी कामे मागत असतो. बाहेरचे किरण आत येऊ नयेत आणि आतली वाफ मात्र बाहेर जावी.

किरण अडवण्याची क्षमता यूपीएफ या आकड्याने सांगतात. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, अर्थात २ टक्के, आत येतो. यूपीएफ १५ म्हणजे साधारण पावणेसात टक्के. कपड्यांसाठी या मोजणीचे प्रमाणमानक प्रथम ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. आपण उन्हाळ्यात विश्वासाने घालतो तो पातळ पांढरा सुती टी-शर्ट या मोजपट्टीवर जेमतेम ५ ते ७ पर्यंत जातो, आणि घामाने भिजल्यावर ३ च्या आसपास घसरतो. भिजल्यावर असे का व्हावे? कोरड्या सुतात तंतू आणि हवा यांच्या सीमेवर किरण पुन्हा पुन्हा विखुरतात आणि बरेचसे माघारी फिरतात. त्या फटींत पाणी भरले की विखुरणे कमी होते आणि किरण सरळ आरपार जातात. ओला पांढरा सदरा पारदर्शक दिसतो त्याचे कारणही हेच.

अतिनील किरणांना कापड कसे दिसते याची कल्पना नाशिकच्या द्राक्ष आणि भाजी उत्पादकांना पटकन येईल, कारण शेडनेट निवडताना ते हाच विचार करतात. जाळीची भोके किती मोठी आणि धागा किती दाट, यावर खाली किती ऊन उतरणार हे ठरते. कापडातही वीण जितकी दाट तितके संरक्षण अधिक. मात्र सायकलवर कापड ताणले जाते, विशेषतः हँडल धरल्यावर दोन्ही खांद्यांच्या मधोमध, आणि ताणले की भोके रुंदावतात. ऑस्ट्रेलियन प्रमाणमानकातील मोजणी कोरड्या आणि न ताणलेल्या कापडावर होते, ही बाब लेबल वाचताना विसरू नये. अंगाला गच्च बसणारी जर्सी घेण्यापेक्षा, जिच्या खांद्यांवर वीण उसवल्यासारखी ताणलेली दिसत नाही अशी, एक माप मोठी असली तरी चालेल अशी जर्सी घेणे शहाणपणाचे.

धाग्याची जातही महत्त्वाची. पॉलिएस्टरच्या रेणूंत बेंझीनची वलये असतात आणि ती अतिनील किरणांचा अधिक घातक, आखूड तरंगलांबीचा भाग चांगला शोषतात. धाग्याची चमक मारण्यासाठी त्यात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेले असते, त्याचीही मदत होते. ब्लीच केलेला सुती धागा या बाबतीत सर्वांत कमकुवत. न ब्लीच केलेल्या कापसातील नैसर्गिक रंगद्रव्ये थोडे तरी किरण शोषतात.

घामाच्या बाबतीतही फरक मोठा आहे. प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. कापसाचा तंतू पाणी पिऊन फुगतो, जड होतो आणि पाठीला चिकटतो. पॉलिएस्टरमध्ये पाणी तंतूच्या आत शिरत नाही, ते तंतूंमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने पसरते. या फटी वाढाव्यात म्हणून धाग्यालाच लांबीच्या दिशेने खोबणी ठेवण्याची कल्पना निघाली, आणि ड्युपाँट कंपनीने १९८६ मध्ये आणलेला कूलमॅक्स हा धागा तिचे प्रसिद्ध उदाहरण. घाम जितक्या मोठ्या क्षेत्रावर पातळ पसरेल तितकी वाफ लवकर होते. म्हणून जर्सीखाली सवयीने सुती बनियन घालू नये. बनियन सगळा घाम धरून ठेवते आणि वरची महागडी जर्सी कोरडीच राहते.

याचा अर्थ सुती कपडा सायकलवर निषिद्ध आहे असा मुळीच नाही. कॉलेज रोडवरून कार्यालयापर्यंत पाच-सहा किलोमीटर जाणाऱ्यासाठी दाट विणीचा, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा उत्तम असतो. कोरड्या हवेत तो लवकर वाळतो आणि सैलपणामुळे आत हवा खेळती राहते. या सैलपणाचे महत्त्व एका जुन्या प्रयोगाने दाखवून दिले आहे. सिनाई वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात, या प्रश्नावर ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात १९८० साली एक निबंध प्रसिद्ध झाला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा अधिक तापत होता, पण झग्याखाली वाहणारी हवा ती वाढीव उष्णता बाहेर नेत होती, आणि त्वचेपर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच होती. सायकलची जर्सी मात्र अंगालगत असते, त्यामुळे तापलेल्या कापडाची उष्णता थेट त्वचेला लागते आणि काळ्या झग्याचा दाखला तिला देता येत नाही.

रंगाची निवड म्हणूनच अवघड होते. गडद रंगद्रव्ये अतिनील किरण अधिक शोषतात, म्हणजे तेवढ्यापुरता गडद रंग चांगला. पण तेच कापड दृश्य प्रकाशही शोषून तापते. सूर्याच्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी अवरक्त किरणांतून येते आणि त्या निम्म्या भागाबद्दल डोळ्यांना दिसणारा रंग फारसे काही सांगत नाही, तरीही उरलेल्या निम्म्यात फिका रंग निश्चितच लाभाचा ठरतो. संरक्षण दाट विणीच्या पॉलिएस्टरकडून आणि गारवा फिक्या रंगाकडून घ्यावा, असा तोडगा मला सर्वांत पटतो. आकाशी, पिस्ता, फिका पिवळा असे रंग त्यात बसतात. मुंबई-आग्रा महामार्गाने जाणाऱ्याने झळकता पिवळा घ्यावा, तो दिवसा दुरून दिसतो.

दुकानात कापड पारखण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली, जर्सीचा पाठीचा भाग दोन्ही हातांनी थोडा ताणून दुकानाच्या दाराच्या उजेडासमोर धरावा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसू लागले तर ते कापड खांद्यांसाठी नको. डोळ्यांना अतिनील किरण दिसत नसल्यामुळे ही परीक्षा पुरेशी नाही, पण नापास करण्यापुरती ती खरी आहे. दुसरी, दुकानदाराची परवानगी घेऊन कापडाच्या आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडावा. चांगल्या कापडावर तो क्षणात रुपयाच्या नाण्याहून मोठा पसरतो आणि बाहेरच्या बाजूला ओल उमटते. थेंब मण्यासारखा तसाच उभा राहिला तर घामही तसाच उभा राहणार.

जाळीदार कापडाला सरसकट नाकारण्याचे कारण नाही, ते कुठे लावले आहे हे पाहावे. काखेत आणि बरगड्यांच्या बाजूला, जिथे सायकलवर सावलीच असते, तिथे जाळी हवीच. पाठीवर आणि खांद्यांवर ती नको. कॉलर उभी असावी, म्हणजे मानेची मागची बाजू झाकते. मागचा काठ पुढच्यापेक्षा लांब असावा, नाहीतर वाकल्यावर कमरेची एक पट्टी उघडी पडते आणि तिथे सनस्क्रीन क्रीम लावायचे कुणालाच आठवत नाही. जर्सीची पुढची चेन, म्हणजे झिप, पूर्ण लांबीची असावी. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढताना वेग ताशी आठ किलोमीटरवर येतो, वारा पडतो, उष्णता मात्र वाढते. अशा वेळी चेन उघडली की छातीवर हवा लागते, आणि वाकलेल्या स्थितीत छाती सावलीतच असल्यामुळे उन्हाचे भय राहत नाही. आखूड बाह्यांची जर्सी आधीच घरात असेल तर नवी घेण्याऐवजी वेगळ्या बाह्या, म्हणजे आर्म स्लीव्ह्ज, घेतल्या तरी काम भागते. पहाटे काढून खिशात ठेवता येतात आणि नऊला चढवता येतात. घामाबरोबर निघून जाणारे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागणारे क्रीम मग चेहरा, मान आणि हाताचे पंजे एवढ्यापुरते उरते.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून शहरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ओढ वाढली आहे, आणि नवे स्वार सायकलवर बराच खर्च करतात. त्या खर्चाचा लहानसा वाटा चांगल्या जर्सीसाठी राखून ठेवावा आणि ती नीट जपावी. पॉलिएस्टरमध्ये घामाचा वास लवकर धरतो. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या २०१४ मधील अभ्यासात मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू सुतापेक्षा पॉलिएस्टरवर अधिक वाढलेले आढळले. म्हणून जर्सी घामट अवस्थेत पिशवीत कोंबून न ठेवता घरी येताच साध्या पाण्यातून काढावी. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम पसरण्याची क्षमता मंदावते. वाळत घालताना उलटी करून सावलीत घालावी. दर वर्षी मार्चमध्ये जुनी जर्सी पुन्हा एकदा खिडकीसमोर ताणून पाहावी. लवचीक धागा सैल पडून पाठीवरची वीण विरळ झालेली दिसली, तर ती जर्सी संध्याकाळच्या फेऱ्यांसाठी वेगळी काढावी.