पोलिसांचा पगार दिल्लीहून येत नाही

‘केंद्राकडून एवढा निधी येतो, तरी पोलीस ठाण्यात माणसे कमीच कशी?’ हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो आणि त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यसूचीत असल्यामुळे भरती, वेतन आणि निवृत्तिवेतन यांचा भार राज्याच्याच तिजोरीवर पडतो. १९६९-७० पासून चालत आलेली केंद्राची आधुनिकीकरण योजना शस्त्रे, संपर्कयंत्रणा, न्यायवैद्यक उपकरणे अशा साधनांसाठी आहे. तिच्यातून शिपायाचा पगार निघत नाही.

दुसरी गल्लत मंजूर पदांची. समजा, एका ठाण्यात ६० पदे मंजूर आहेत. त्यांतली काही रिक्तच, कोणी प्रशिक्षणाला, कोणी साक्षीसाठी कोर्टात, कोणी बंदोबस्तावर, कोणी साप्ताहिक सुट्टीवर. उरलेल्यांना पाळ्यांत वाटले की रात्रीच्या गस्तीला चालक आणि एखादा शिपाई, एवढेच हाती लागतात. शिवाय (आणि घोषणा करताना हे सहसा कोणी सांगत नाही) भरतीची जाहिरात आज निघाली, तरी मैदानी चाचणी, लेखी परीक्षा, कागदपत्रांची पडताळणी आणि प्रशिक्षण उरकून नवा शिपाई ठाण्यात रुजू व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज जाते आणि तोवर आणखी काही जण निवृत्त झालेले असतात.