गिअर टाकताना ‘खट्’ वाजतंय? गिअरबॉक्स उतरवायला सांगण्याआधी हे वाचा

(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सोलापूर)

गाडी गॅरेजच्या दारात लागते, काच खाली होते आणि आतून आवाज येतो, “मिस्त्री, गिअरबॉक्स गेला बघा.” काय होतंय विचारलं तर, “गिअर टाकला की वाजतंय ओ.” एवढ्यावरून नेमका बिघाड आम्हाला सांगता येत नाही. एवढ्यावरून जो सांगेल, त्याच्या हातात चावी देताना दोनदा विचार करा.

गिअर बदलताना एकच ठोका बसतो, तो बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या बाहेरचा असतो. चिरलेलं रबर, ढिला बोल्ट, सुका पडलेला क्रॉस (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा सांधा). ही कामं गिअरबॉक्स न उतरवता होतात. म्हणून आमच्याकडे आधी बाहेरचं सगळं बघून संपवतात, मगच आतल्याला हात लागतो.

लिव्हर ढकलताना की क्लच सोडताना?

आम्हाला तुमच्याकडून हे एक उत्तर पक्कं हवं असतं. क्लच दाबलेला आहे, लिव्हर खाचेत जाताना ‘खर्रर्र’ होतंय किंवा अडकून मग ‘खट्’ बसतंय, तर संशय क्लच, लिव्हरच्या केबल-बुश किंवा आतल्या सिंक्रो रिंगवर (दाते जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी कडी). लिव्हर लोण्यासारखा गेला, पण क्लच सोडून गाडी ओढायला लागली त्या क्षणी ‘धप्’ झालं, तर संशय इंजिनच्या फाउंडेशनवर (इंजिन ज्या रबरांवर बसतं ती), अॅक्सलवर (चाक फिरवणारा दांडा) किंवा मागच्या शाफ्टवर. दोन्ही वेळी ग्राहक “गिअर टाकला की वाजतं” असंच म्हणतो, पण दोन्हींचा खर्च आणि दुरुस्ती पार वेगळी. येण्याआधी एकदा रेडिओ बंद करून, काचा खाली करून, रिकाम्या रस्त्यावर हे तपासून या.

फाउंडेशन: सगळ्यात आधी हेच

इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला थेट आवळलेले नसतात. मध्ये तीन-चार ठिकाणी लोखंड-रबर-लोखंड असे तुकडे असतात, त्यांना गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन म्हणतात. पुढची चाकं ओढणाऱ्या बऱ्याच लहान गाड्यांत खालच्या बाजूला हाडाच्या आकाराचा एक छोटा रॉडही असतो. क्लच सोडला की इंजिन उलटा पीळ घेतं, तो पीळ या रबरांनी झेलायचा असतो. उष्णतेने रबर कडक होतं, मग चिरतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा ४० च्या वर असतो, बॉनेटखालचं तर विचारूच नका. वरून इंजिन ऑइल ठिबकत असेल तर तेच रबर फुगून मऊ पडतं. अशा वेळी गळती बंद न करता नुसतं फाउंडेशन बदललं, तर ते पैसे तेलात गेले समजा.

सोबत एक जण असेल तर हे घरीही बघता येतं. गाडी सपाट जागेवर, पुढे-मागे मोकळं, हँडब्रेक ओढलेला. बॉनेट उघडून बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं. गाडीच्या समोर किंवा मागे कधीही नाही. हात, ओढणी, उपरण्याचं टोक पंख्याजवळ जाऊ द्यायचं नाही. चालवणाऱ्याने ब्रेक घट्ट दाबून पहिला गिअर टाकायचा, इंजिन किंचित दबेल इतकाच क्लच सोडायचा आणि लगेच परत दाबायचा. मग हेच रिव्हर्समध्ये. फाउंडेशन ठीक असेल तर इंजिन जरासं कलतं आणि गुपचूप जागेवर येतं. फाउंडेशन बसलेलं असेल तर इंजिन एका बाजूने चांगलं उचललं जातं आणि क्लच दाबताच धप्पकन खाली बसतं. तो आवाज ओळखीचा वाटला, तर तुमचं निदान तुम्हीच केलं. आणखी एक खूण: अॅक्सिलरेटर दाबता-सोडताना गिअरचा लिव्हर पुढे-मागे उड्या मारतो.

एक फाउंडेशन गेलं असेल तर आम्ही बाकीचीही दाखवतो. एक नवं आणि दोन बसलेली असतील तर सगळा भार नव्यावर येतो, आणि वर्षभरात तुम्ही परत आमच्या दारात.

इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. नवा नवा मिस्त्री होतो. एक डिझेल गाडी आली, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की ठोका. मी बेधडक गिअरबॉक्स उतरवला. दोन दिवस गेले, आत सगळे दाते स्वच्छ. परत चढवताना खालच्या रॉडचा बोल्ट पूर्ण आवळला आणि ठोका बंद! उतरवताना तो बोल्ट पान्हा लावायच्या आधीच बोटांनी फिरला होता, ते तेव्हा आठवलं. त्या गिऱ्हाइकाकडे मजुरी मागायची हिंमत झाली नाही.

मागची चाकं ओढणाऱ्या गाड्या

बोलेरो, सुमो, ओम्नी, ईको यांच्यात गिअरबॉक्सपासून मागच्या हौजिंगपर्यंत (मागच्या चाकांच्या मधला दातेरी चाकांचा डबा) लांब शाफ्ट असतो आणि त्याच्या टोकांना क्रॉस. क्रॉसच्या चार वाट्यांत सुईसारखी बारीक बेअरिंगं असतात. ग्रीस संपलं की ती सुकतात, गंजतात, खाच पाडतात. मग पहिल्यातून रिव्हर्स किंवा रिव्हर्समधून पहिला टाकून क्लच सोडला की ‘टण्’. हा आवाज धातूचा, कोरडा असतो. फाउंडेशनचा बोजड असतो. दोन्ही एकदा ऐकलेत की पुन्हा चुकणार नाही. पिटवर गाडी घेतली की आम्ही वाटीच्या कडेला टॉर्च मारतो. तिथे तांबडी भुकटी दिसली की आतलं ग्रीस कधीच संपलंय. क्रॉसला ग्रीसचं निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगला ग्रीस मारून घ्या, ते काम पाच मिनिटांचं आहे.

क्रॉस बदलणं फार मोठं काम नाही. टाळत राहिलात तर मात्र शाफ्ट थरथरायला लागतो आणि चालत्या गाडीखाली सुटूही शकतो. ‘टण्’सोबत वेगात थरथर जाणवत असेल तर त्या गाडीने पुणे किंवा हैदराबाद गाठायचा विचार करू नका. क्रॉस चांगला निघाला तर हौजिंगमधल्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांचा प्ले, म्हणजे ढील, बघावा लागतो; ते काम महाग, म्हणून शेवटी.

घरी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून हे बघायला जाऊ नका.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हेच दुखणं अॅक्सलच्या जॉइंटला होतं. पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी हलवली की ‘कट-कट-कट’ झालं तर बाहेरचा जॉइंट. सरळ रस्त्यावर अॅक्सिलरेटर दाबताच ठोका किंवा थरथर असेल तर आतला. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं, म्हणजे रबरी बूट फाटलाय. त्याच आठवड्यात आणलंत तर बहुधा बूट आणि ग्रीसवर भागतं. धूळ-चिखल आत गेल्यावर जॉइंटच बदलावा लागतो.

‘खर्रर्र’ असेल तर आधी पायाखाली बघा

खरंच सांगतो, पायाखाली. कंपनीच्या मॅटवर जाड मखमली मॅट, त्यावर आणखी एक रबरी मॅट. क्लचचं पेडल खालपर्यंत जातच नाही. क्लच पूर्ण सुटत नाही आणि दाते घासतात. मॅट काढून बघा. त्याने फरक पडला नाही तर केबलचा ताण, किंवा हायड्रॉलिक क्लच असेल तर त्याचं ऑइल आणि त्यात शिरलेली हवा.

गाडी उभी, इंजिन चालू. क्लच पूर्ण दाबून पाचपर्यंत मोजा आणि रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही घासलं, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. थांबल्यावर नीट पडत असेल तर ती बिघाडाची गोष्ट नाही: बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंगच नसते. आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाका, गुमान पडेल.

क्लच ठीक असून एकाच गिअरला, समजा तिसऱ्यालाच, घासत असेल, तर मात्र सिंक्रो रिंग झिजलीय आणि गिअरबॉक्स उघडावाच लागतो. चालता चालता गिअर आपोआप सुटत असेल आणि फाउंडेशन, केबल ठीक निघाले, तरीही तेच.

गिअर ऑइल

याकडे कुणीच बघत नाही, कारण बहुतेक गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नसते. बाजूचा प्लग काढून बोट घालावं लागतं. लहान गाडीत ते साधारण दोन लिटर असतं. काढताना आम्ही तुम्हाला ड्रेन प्लग दाखवतो. अनेक प्लगना लोहचुंबक असतं. त्यावर काजळासारखा मऊ करडा लेप असेल तर ठीक, ती नेहमीची झीज. चिमटीत टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर विषय गंभीर.

गाडीच्या पुस्तकात गिअर ऑइलची प्रत म्हणून जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-५ घालू नका. त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. “जाड ऑइल टाकतो, आवाज दबेल” असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. जुनी गाडी विकणारे ही युक्ती करतात, हेही लक्षात असू द्या.

आमच्याकडे आल्यावर

आधी डिकी रिकामी करतो. हसू नका. ढिला जॅक, न आवळलेली स्टेपनी, आणि एकदा तर अक्कलकोटहून आणलेला नारळ: गिअर बदलला की गडगडत जाऊन डिकीच्या पत्र्यावर आपटायचा.

मग ट्रायल. गाडी तुम्ही चालवायची, आमचा माणूस शेजारी आणि एक मागे. तुमच्या पायाच्या सवयीनेच तो आवाज येत असतो. आम्ही चालवली तर कदाचित वाजणारही नाही. थोडी ढील प्रत्येक गाडीत असते. क्लच झटक्यात सोडला किंवा दुसऱ्यावर रांगत असताना अचानक अॅक्सिलरेटर दाबला तर नव्या गाडीलाही हिसका बसतो. तसं असेल तर तसं सांगतो आणि बिल करत नाही.

काम निघालंच तर आधी खर्च सांगतो. काढलेला भाग तुमच्या हातात देतो. गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर त्याआधी फोन येईल. तुमच्या होकाराशिवाय बोल्ट निघणार नाही. गिअरबॉक्स खाली आलाच तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बघून घेऊ, कारण त्यांच्यासाठी परत तीच मजुरी पडते.

आवाज फक्त सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना येत असेल, तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा आणि सकाळी आमच्यासमोरच सुरू करा. सात रस्ता चौकाच्या गर्दीतून तापत आलेली गाडी आमच्या दारात येईपर्यंत गप्प झालेली असते.