उणे तीस अंशांत उकडतं कुणाला?

अलास्कातली मार्चची सकाळ. पारा शून्याखाली 30 अंशांवर. स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी गाडी, दोराने घट्ट बांधून ठेवली आहे, कारण तिला जुंपलेल्या कुत्र्यांना धीर निघत नाहीये. ते उड्या मारतात, दोर चावतात, भुंकून भुंकून रान डोक्यावर घेतात. दोर सुटतो, गाडी हलते आणि भुंकणं एकदम बंद. आता ऐकू येतो तो फक्त बर्फावर पडणाऱ्या पावलांचा आवाज.

एवढ्या थंडीत हे कुत्रे गारठत कसे नाहीत, असं तुम्हाला वाटेल. पण पळणाऱ्या कुत्र्याला खरा त्रास होतो तो उकाड्याचा. तासन्‌तास पळताना स्नायू भट्टीसारखे तापतात. वर दाट केसांचे दोन थर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजांच्या तळव्यांना. बाकीची उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवावी लागते. म्हणून ऊन तापलं की गाडीवान (त्याला तिकडे ‘मशर’ म्हणतात) दिवसा थांबतो आणि रात्री पळतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईत लोक हौसेने हस्की या बर्फाळ प्रदेशातल्या जातीचे कुत्रे पाळतात. एप्रिलच्या दुपारी फरशीला पोट चिकटवून धापा टाकणारा हस्की मी पाहिला आहे. मला ते बघवलं नाही.

मग उघडे पंजे बर्फावर गोठत कसे नाहीत? 2011 मध्ये जपानी संशोधकांनी कुत्र्याचे तळवे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तिथे गरम रक्त खाली नेणारी धमनी आणि गार रक्त वर आणणाऱ्या बारीक शिरा एकमेकींना अगदी खेटून असतात. खाली जाणारं रक्त आपली ऊब वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. त्यामुळे गार रक्त शरीरात शिरण्याआधीच कोमट होतं आणि अंगातली ऊब बर्फात वाया जात नाही. पेंग्विनच्या पायांतही अशीच सोय असते.

तरी लांबच्या शर्यतीत पंजे सोलवटतात, बोटांच्या बेचक्यांत बर्फाचे गोळे अडकतात. म्हणून प्रत्येक पंजाला कापडी मोजा. 16 कुत्रे असले तर मोजे किती? 64! ते फाटतात, हरवतात, मग पुन्हा नवे.

या शर्यतींतली सर्वांत नावाजलेली शर्यत म्हणजे इडिटारॉड. 1973 पासून ती दरवर्षी होते. अलास्कातल्या अँकरेज ते नोम हे अंतर सुमारे 1,600 किलोमीटर. पहिल्या विजेत्याला जवळपास 20 दिवस लागले होते, 2017 चा विजेता 8 दिवस आणि काही तासांत पोचला. बैलाला कासरा असतो, घोड्याला लगाम. इथे दोन्ही नाहीत. मशर नुसतं ओरडतो: ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे. ते ऐकून वळणारा म्होरक्या हुकूम मोडायलाही शिकलेला असतो. पुढचा बर्फ पातळ वाटला, तर तो जागचा हलत नाही.

हे कुत्रे जेमतेम 20-25 किलोंचे, पण शर्यतीत दिवसाला सुमारे 10,000 कॅलरी फस्त करतात. मोठ्या माणसाच्या चार-पाच पट! त्यात चरबी भरपूर: मांस, मासे, प्राण्यांची चरबी. पहिल्या दिवशी स्नायूंत साठवलेली साखर बरीचशी संपते. आपण अशा वेळी हात टेकले असते. यांचं शरीर मात्र चरबीवर चालू लागतं आणि पळता पळताच तो साखरेचा साठा पुन्हा भरत जातो. आपल्या गल्लीतला मोत्या शिळी भाकरी आनंदाने पचवतो, कारण त्याचे पूर्वज शेतकऱ्यांच्या दारात वाढले. स्लेज ओढणारे कुत्रे शिकाऱ्यांबरोबर वाढले, म्हणून पिष्ट पचवणारी जनुकं त्यांच्यात कमी आहेत. सायबेरियाजवळच्या झोखोव्ह बेटावर 9,500 वर्षांपूर्वीच्या कुत्र्याचं हाड मिळालं. त्याचं सर्वांत जवळचं नातं निघालं ते आजच्या याच कुत्र्यांशी.

1925 च्या जानेवारीत नोम गावात घटसर्पाची साथ आली. औषध रेल्वेने जिथवर आलं, तिथून नोम 1,085 किलोमीटरवर होतं. 20 मशर आणि सुमारे 150 कुत्र्यांनी ते हातोहात साडेपाच दिवसांच्या आत पोचवलं. शेवटच्या टप्प्यातला म्होरक्या कुत्रा बाल्टो, त्याचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. पण सर्वांत लांबचा टप्पा, तोही काही ठिकाणी गोठलेल्या समुद्रावरून, पार केला 12 वर्षांच्या टोगो या म्होरक्याच्या चमूने. माझ्या लेखी पहिला मान टोगोचा.

या शर्यतींत कुत्रे मेलेही आहेत, हे तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही. शर्यती बंद करा, असं म्हणणारे लोकही आहेत. थांब्यावर पशुवैद्य कुत्र्यांची छाती आणि पाय तपासतात. दमलेला किंवा लंगडणारा कुत्रा तिथेच मागे ठेवतात, विमानाने परत पाठवतात. ही तपासणी जितकी कडक होईल तितकी मला हवीच आहे.

थांब्यावर मशर आधी गवत अंथरतो. मोजे काढतो, एकेक पंजा हातात घेऊन मलम चोळतो. मग बर्फ वितळवून त्यात मांस घालतो, कारण नुसतं पाणी कुत्रे पुरेसं पीत नाहीत. खाऊन ते शेपूट नाकावर घेऊन गोल वळतात आणि झोपतात. मशर जेवतो सर्वांत शेवटी. तासभर डोळा लागतो न लागतो, तोच तो उठतो आणि मोज्यांची पिशवी उघडतो.